उसना आवाज

फोन वाजला तेव्हा ती एका माणसाला ठार मारायच्या खटपटीत होती. त्याला मारायचं हे नक्की होतं, कसं ते जमत नव्हतं. रहस्यकथा लिहिण्यात तिचं आयुष्य गेलं होतं आणि मारायच्या बाबतीत तिचा हात कधी अडला नव्हता. पण या खेपेला संपादकाला पुढच्या काळातला खून हवा होता. "तुमचा मास्तर छानच आहे हो," तो म्हणाला होता, "पण आता जिथं तिथं कॅमेरे आहेत, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि तुमचा खुनी अजून हातमोजे घालून मागच्या दारानं येतोय. वाचक हसतात." हसतात, हे तिला झोंबलं होतं. म्हणून गेले कित्येक दिवस ती एक शहर रचत बसली होती. त्या शहरातल्या भिंती बघत होत्या, दारं माणसाची चाल ओळखून उघडत होती, आणि रस्त्यावर पडलेल्या केसावरूनही माणूस सापडत होता. शहर झकास जमलं होतं. पण मास्तर, म्हणजे तिच्या सगळ्या कादंबऱ्यांत फळ्यापुढं उभा राहून गुन्हे सोडवणारा तो गणिताचा शिक्षक, काही केल्या त्या शहरात पाऊल टाकायला तयार होईना. तो आपला वेशीवर ताटकळत उभा. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि त्यावर लेकीचं नाव उमटलं.

"आई, कशी आहेस गं?"

"बरी आहे. तू या वेळी कशी?"

"काही नाही, तुझी आठवण आली. दमली नाहीस ना?"

आणि तिथंच तिला कळलं. आवाज लेकीचाच होता, त्यात तसूभर फरक नव्हता. 'स' म्हणताना लेकीची जीभ किंचित अडते, ती तश्शी अडली होती. पण लेक असं बोलत नाही. लेक फोनवर मधूनच सुरू होते, जणू आदल्या दिवशीचं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते आता पुरं करायचंय. 'गीझर बंद केलास का?' 'त्या प्लंबरला तू काय सांगितलंस?' 'सांगितलं होतं ना मी, जिन्यावरून उतरताना कठडा धर म्हणून?' कशी आहेस, हे तिनं आईला कधी विचारल्याचं आठवत नव्हतं. आणि 'तुझी आठवण आली' हे वाक्य तर त्या घरात आजवर कुणीच कुणाला म्हटलेलं नव्हतं. नवरा होता तेव्हा दोघींमधला टपालवाला तोच होता. आईनं त्याला सांगायचं, पोरीला म्हणावं उशीर करू नको. पोरीनं त्याला सांगायचं, आईला म्हणावं मला कळतं. तो दोन्हीकडचे निरोप थोडे साखरेत घोळून पोचवायचा. तो गेल्यावर निरोप तसेच, कोरडे, थेट येऊन आपटायला लागले. त्याचं दोघींनाही फारसं वाईट वाटत नसावं. सवयीचा भाग होता तो.

"आई, ऐकतेयस ना? एक छोटं काम होतं. तुझ्या फोनवर आत्ता एक नंबर येईल, तो मला वाचून दाखवशील? क्लिनिकचं काहीतरी अडकलंय." फोन हातात थरथरला, नंबर आला. हे सगळं तिला पाठ होतं. नव्या पुस्तकासाठी तिनं अशा बातम्या कापून ठेवल्या होत्या. यंत्र कसा आवाज उचलतं, किती थोड्या बोलण्यावरून उचलतं, पडद्यावर हवं ते नाव कसं आणतं, हे ती कुणालाही शिकवू शकली असती. आता फोन ठेवायचा, लेकीला लावायचा, पोलिसांना कळवायचं. एवढंच करायचं होतं. तिनं नाकावरचा चष्मा काढून मुठीत धरला आणि म्हणाली, "थांब हं, चष्मा कुठं ठेवला कुणास ठाऊक."

"सावकाश," लेकीचा आवाज म्हणाला. "काही घाई नाही. मी आहे."

मी आहे. खिडकीतून येणारं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत सरकलं होतं, खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा फवारा पत्र्यावर वाजत होता. ती खुर्चीत मागं टेकली. टेबलाचे खण ओढल्याचा, लोटल्याचा आवाज तिनं मुद्दाम केला. मग मनाला येतील ते आकडे तिनं एकामागून एक वाचले. "हा चुकतोय वाटतं, आई," आवाज म्हणाला, त्यात राग नाही, त्रागा नाही. "पुन्हा एकदा बघ. एकेक आकडा." तिनं पुन्हा चुकीचा वाचला. मधेच म्हणाली, "खांदा फार धरलाय गं आज." हे खरं होतं. "कुठला? उजवा?" आवाजानं विचारलं. "हात टेबलावर सैल सोड. खांदा कानाकडे उचलू नकोस. आता श्वास घे, लांब. सोड. दुखलं तर थांब." तिनं हात टेबलावर सैल सोडला. श्वास घेतला, सोडला. समोर चोर होता, चोर तिला व्यायाम शिकवत होता, आणि खांदा खरोखर हलका होत होता. एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या, पण असा प्रसंग सुचला नसता, आणि सुचला असता तर तो अशक्य म्हणून तिनंच खोडला असता. "आता वाचतेस तो नंबर?" आवाज म्हणाला. "वाचते ना," ती म्हणाली, आणि आणखी एक खोटा आकडा वाचला. असं किती वेळ चाललं, तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी पलीकडे काहीतरी कटकन तुटलं. निरोप न घेता. तेवढं मात्र अगदी लेकीसारखं झालं.

लगेच तिनं लेकीला फोन लावला. "काय झालं? पेशंट आहे समोर," लेक म्हणाली. "तू मला आत्ता फोन केला होतास का?" "मी कशाला करू? तू बरी आहेस ना? मग ठेव, नंतर बोलते." हा खरा माल. तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण भीती वाटायला हवी होती, राग यायला हवा होता, आणि वाटत होतं ते भलतंच. कुणीतरी चांगली मैफल अर्ध्यावर बंद करावी तसं.

दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा ती मधूनही नाही आणि सुरुवातीपासूनही नाही, कुठूनच सुरू होईना. तिच्या फिजिओथेरपीच्या एका पेशंटला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना, सकाळी तिच्याच आवाजात फोन गेला होता. त्यांनी नंबर वाचून दाखवला. त्यांचं खातं धुऊन निघालं. आणखीही काही पेशंटना फोन गेले होते. "माझा आवाज होता, आई," लेक म्हणाली, "सगळे म्हणतायत, डॉक्टर, तुमचाच आवाज होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी आणि मुख्याध्यापक अशी तिघं पोलिसांच्या सायबर कार्यालयात बसली होती. कोठडी, दांडके, लाकडी बाक, असलं तिच्या पुस्तकांतलं तिथं काहीच नव्हतं. काचेच्या भिंती, फिरत्या खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं यंत्र. एखाद्या विमा कंपनीत यावं तसं. तपास करणारी अधिकारी लेकीपेक्षाही लहान दिसत होती. लेखिकेचं नाव कळताच तिचा चेहरा उजळला. "अय्या, मास्तरवाल्या तुम्ही? आमच्या घरी आहेत सगळी. आजोबा तर शेवटचं पान आधी वाचायचे." मग ती गंभीर झाली. मुख्याध्यापक इस्त्रीचा कोट घालून आले होते, काठी दोन्ही पायांच्या मध्ये उभी धरून ते वर्गात बसावं तसे ताठ बसले होते. त्यांचं सांगून झाल्यावर लेखिकेनं आपलं सांगितलं. चुकीचे आकडे वाचले, एवढं सांगितलं. खांद्याचं नाही सांगितलं. "तुम्हाला संशय कधी आला?" अधिकारी बाईनं विचारलं. "तिसऱ्या वाक्याला," ती म्हणाली, आणि लेकीनं वळून तिच्याकडे पाहिलेलं तिला बघायची गरज पडली नाही.

"कुणाचं वैर असेल हो?" तिनं विचारलं. हा तिचा धंद्यातला प्रश्न होता, मास्तर प्रत्येक पुस्तकात दुसऱ्या प्रकरणात हाच विचारायचा. अधिकारी जरा ओशाळवाणी हसली. "वैर कसलं, मॅडम? तुमचं नावसुद्धा त्यांना धड माहीत नसेल. कुठंतरी लांब एखाद्या खोलीत यंत्रं लावून ठेवलेली असतात. ती फोन लावतात, तीच बोलतात. माणूस असला तर तो फक्त आकडे आले का बघतो. तुमच्याशी कुणी बोलतच नव्हतं म्हणा ना." तिला हा चक्क अपमान वाटला. तिच्या पुस्तकांत भाऊ भावाला मारायचा, भागीदार भागीदाराला, मोलकरीण मालकिणीला. खुनी माणसाला ओळखत असायचा. तो किती वाजता औषध घेतो, कुठल्या कुशीवर झोपतो, कशानं दुखावतो. वर्षानुवर्षं साचलेलं काहीतरी एका क्षणी फुटायचं, आणि मास्तर त्या साचलेल्याचा माग काढत मागं मागं जायचा. गुन्हा म्हणजे तिच्या लेखी जवळिकीचाच बिघडलेला प्रकार होता. आणि आता हा चोर. याला कुणाबद्दल काही वाटत नव्हतं. जुना चोर दागिना न्यायचा. यानं नातं उचललं, वापरलं, आणि जिथलं तिथं ठेवून गेला. पण आता ते हातात धरताना आपल्यालाच किळस यावी, अशी त्याला कसली तरी बोटं लागली होती. तिला एकदम कळलं, मास्तर वेशीवर का थांबला होता. तिनं रचलेल्या शहरात भिंती हुशार झाल्या होत्या, पण माणसं जुनीच होती. एकमेकांचा मनापासून द्वेष करणारी. खरं पुढच्या काळातलं शहर तिच्या टेबलावरच्या फोनमधून बोलत होतं, आणि त्याला द्वेष करण्याइतकीही कुणाची ओळख नव्हती.

"आवाज कुठून मिळाला असेल?" लेकीनं विचारलं. अधिकारी बाईनं संगणक तिच्याकडे वळवला. लेकीनं पेशंटसाठी व्यायामाच्या सूचना बोलून ठेवल्या होत्या, गुडघ्याच्या, कमरेच्या, खांद्याच्या. घरी बसून ऐकत करता याव्यात म्हणून त्या सगळ्यांना खुल्या ठेवल्या होत्या. अधिकारी बाईनं त्यातली एक लावली. "सावकाश," खोलीत आवाज पसरला. "काही घाई नाही. दुखलं तर थांबा. मी आहे." मुख्याध्यापकांनी काठीवरची मूठ आवळली. लेखिका काचेतून पलीकडच्या खोलीकडे बघत राहिली. म्हणजे तो गोडवा यंत्रानं बनवलेला नव्हता. तो लेकीचाच होता, तिच्याच गळ्यातून निघालेला. रोज कुणी ना कुणी अनोळखी माणूस गुडघ्याखाली उशी घेऊन तो ऐकत होता. अनोळखी माणसांचा हेवा वाटावा याची तिला लाज वाटली, आणि तरी तो वाटला. हे पेशंट, हे कोटातले गृहस्थ, यांना ती आवाजाच्या दुसऱ्याच खोलीत राहायला घेत होती, आणि आईला मात्र वर्षानुवर्षं जिन्यातच उभी करून बोलत होती.

"डॉक्टर," मुख्याध्यापक म्हणाले, "माझा तुमच्यावर राग नाही. जे गेलं त्याचं हे पोलीस बघतील. पण मला एक सांगा, आता मी व्यायाम कसा करू? काल संध्याकाळी तुमचा आवाज लावला आणि पाय असा थरथरायला लागला की बंदच केला. गुडघा आखडेल हो."  लेकीचा हात ओठांवर गेला होता. मग ती म्हणाली, "मी सगळं काढून टाकते. आजच. परत कुणासाठी काही बोलून ठेवणार नाही."

"अजिबात काढायचं नाही," लेखिका म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. शेजारच्या खोलीतल्या शिपायानं मान वर केली. "ज्यांचे गुडघे त्यावर बरे होतायत त्यांनी काय करायचं? चोरी चोरांनी केली, आणि दुकान तू बंद करणार?" "आई, इथं नको," लेक म्हणाली. "इथंच. आणि यांच्या घरी तू जा. समोर बसून करून घे. यांना तू दिसायला हवीस." "किती जणांच्या घरी जाऊ?" "आधी यांच्या." मुख्याध्यापक दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. अधिकारी बाईनं हसू दाबत पाण्याचा पेला पुढं सरकवला. पुढं आठवड्याभरात मुख्याध्यापकांच्या गेलेल्यातला बराचसा भाग वाटेत अडवून परत मिळाला. आवाज लावणारे मात्र सापडले नाहीत. ती यंत्रं कुठल्या देशात आहेत एवढंसुद्धा नक्की कळलं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्याच दिवशी दुपारी मायलेकी मुख्याध्यापकांच्या घरी गेल्या. लेखिकेला खरं तर जायचं काही कारण नव्हतं, पण ती गाडीत जाऊन बसली आणि लेकीनं तिला उतर म्हटलं नाही. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर होतं, भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो. लेक फरशीवर मांडी घालून बसली, त्यांची टाच एका तळव्यावर पेलली, दुसरा तळवा गुडघ्याखाली दिला. तोंडातून शब्द काढला नाही. पाय कापत होता. लेखिकेनं पाहिलं, लेक घाबरलीय. बोललो तर ते पुन्हा दचकतील, म्हणून गप्प आहे. किती वेळ नुसता त्या म्हाताऱ्या पायाचा आणि तिच्या हातांचा व्यवहार चालला होता. कधीतरी कापणं थांबलं. "आता बोला," मुख्याध्यापक डोळे मिटून म्हणाले. "वाकवा," लेक म्हणाली. तिचा घसा बसला होता, आवाज चिरका, किंचित खरखरीत निघाला. "आणखी थोडं. हं." त्यांनी डोळे उघडले, तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि गुडघा वाकवत नेला. "हा तुमचाच," ते म्हणाले. "फोनवर तुम्ही यापेक्षा बरं बोलता." तिघंही हसली. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन, काठी भिंतीला लावून, दोन्ही हात जोडले.

परतीच्या वाटेवर लेक गाडी चालवत होती. लेखिका मनात नवी कादंबरी लावत होती. शहर पाडून टाकायचं, भिंतींचे डोळे काढून टाकायचे. मास्तराला सरळ निवृत्त करायचं. संपादक बोंबलला तर बोंबलू दे. एका बाईला एक फोन येतो, एवढ्यावरून सुरू करायचं. तिला खात्री होती. कित्येक वर्षांत इतकी खात्री वाटली नव्हती. पुस्तकाचं वजन हातात आल्यासारखं वाटत होतं, आणि त्याच वेळी शेजारी लेकीच्या जबड्याचा स्नायू हलताना दिसत होता. लहानपणी गणित अडलं की तो असाच हलायचा.

"तिसऱ्या वाक्याला कळलं होतं म्हणालीस."

"हो."

"मग फोन का नाही ठेवलास? त्या बाई म्हणाल्या, तुझा कॉल सगळ्यांत लांब होता. मुख्याध्यापकांना कळलं नव्हतं, तरी ते तुझ्या निम्म्यानं बोलले. तू काय करत होतीस एवढा वेळ? पुस्तकासाठी करत होतीस का?"

हो म्हणून टाकावं असं तिच्या मनात आलं. लेकीनं ते लगेच मान्य केलं असतं, चिडली असती, आणि घर येईपर्यंत विषय मिटला असता. समोर सिग्नलचा दिवा हिरवा झाला, गाड्या सुटल्या, लेकीनं गिअर टाकला.

"तू छान बोलत होतीस," ती म्हणाली.

गाडी थोडी पुढं गेली, मग मंदावली. लेकीनं ती तशीच डावीकडे घेतली आणि एका बंद दुकानापुढं, धड रस्त्यावर नाही आणि धड कडेला नाही अशी थांबवली. मागून कुणीतरी लांब हॉर्न दिला. लेकीनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि ती काचेतून समोर बघत होती.

"ती मी नव्हते," ती म्हणाली.

"मला ठाऊक आहे."

"मला नाही येत तुझ्याशी तसं बोलता." पुन्हा हॉर्न वाजला, तिनं लक्ष दिलं नाही. "पेशंट बरे होतात आणि आपापल्या घरी जातात. त्यांच्याशी गोड बोलायला काय जातं? तुझ्याशी बोलायला लागले की... मला वाटतं, तू पडशील. गॅस चालू राहील. जिन्यात पाय घसरेल. बाबांच्या वेळी मी क्लिनिकमध्ये होते. कुणाला तरी सांगत होते, सावकाश, मी आहे म्हणून. आणि मी नव्हते. तेव्हापासून तुला फोन लावला की आधी ओरडायलाच येतं."

हे लेखिकेला ठाऊक नव्हतं. नवरा गेला त्या दुपारचा प्रत्येक तपशील आपल्यापाशी आहे अशी तिची समजूत होती. कुणी कुठं होतं, कुणी काय म्हणालं, रुग्णवाहिका कुठल्या बाजूनं आली. त्या दुपारी लेक कुणाच्या तरी गुडघ्याशी बसली होती आणि काय बोलत होती, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. इतक्या वर्षांचं ते ओरडणं तिच्या डोक्यात एकदम उलटं फिरलं. गीझर, कठडा, गॅस, प्लंबर. तिनं लेकीकडे वळून पाहिलं. लेकीचा चेहरा लाल झाला होता, नाक गळत होतं, आणि आवाज असा झाला होता की तो कुठल्या यंत्राच्या कामाचा नव्हता. लेक रुमाल शोधत होती आणि तिला तो सापडत नव्हता. मागच्या हॉर्नला आता आणखी एक हॉर्न येऊन मिळाला, एक मोटारसायकलवाला काचेशी वाकून काहीतरी ओरडून गेला.

"निघू या," लेक म्हणाली. "गाडी मधेच आहे."

आईनं आपला रुमाल तिच्या मांडीवर ठेवला आणि मान बाहेर काढून रस्त्याच्या दोन्ही बाजू नीट न्याहाळल्या.

"पुढं वळल्यावर झाडाखाली जागा दिसतेय," ती म्हणाली. "तिथं व्यवस्थित लाव. आपल्याला वेळ लागणार आहे."